फौजीशी लग्न झाल्यावर त्याच्यासोबत राहायला मिळतं का?

सैन्यातल्या मुलाचं स्थळ आलंय, लग्नानंतर त्याच्यासोबत राहायला मिळेल की गावीच राहावं लागेल, असं तू विचारलंयस. माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते.

दोन्ही करावं लागेल, पण गावी जास्त. माझे मिस्टर १९९७ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि २०२१ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. लग्न २००१ चं. या २० वर्षांत आम्ही एकत्र राहिलो ती सहा वर्षं. तीन पठाणकोटला आणि तीन बेळगावला, ते मराठा सेंटरला इन्स्ट्रक्टर होते तेव्हा. पलटण पीसला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी, असली की फॅमिली नेता येते, पण क्वार्टरसाठी नंबर लावावा लागतो आणि तो लागेपर्यंत कधी कधी पलटणीचा तिथला निम्मा मुक्काम संपलेला असतो. पलटण फील्डला, म्हणजे सीमेवर किंवा धोक्याच्या भागात, निघाली की बहुतेक जणी परत गावी. कायम नोकरीतल्या जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल असते. पण ती कधी मिळेल, हे पलटण ठरवते.

आमच्या लग्नानंतरच्या दिवाळीला ते येऊन गेले, संक्रांतीला चार दिवस येतो म्हणाले. पहिली संक्रांत, सासूबाईंनी हलव्याचे दागिने घरी केले होते. १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला आणि रजा बंद झाल्या. काळी साडी नेसून, ते दागिने घालून मी एकटीच फोटोला उभी राहिले आणि फोटो पाकिटात घालून पाठवला. पाकिटावर गावाचं नाव नसतंच. नंबर, रँक, नाव, पलटण आणि खाली ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. पलटण राजस्थानच्या सीमेवर होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागं घ्यायचं ठरलं आणि नोव्हेंबरात ते घरी आले, तेव्हा थोरली तीन महिन्यांची झाली होती.

तिच्या जन्माचा दाखला मीच पोस्टानं पलटणीला पाठवला होता. हे नीट लक्षात ठेव. लग्न, मुलांचे जन्म, सगळ्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीची लेखी नोंद, निघते आणि तेव्हाच ते रेकॉर्डला, म्हणजे सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसात, लागतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस असते. आधार, बँक, रेकॉर्ड, तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी ठेव. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान गेले, तेव्हा रेकॉर्डला माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं निघालं. फॅमिली पेन्शन सुरू व्हायला वर्ष गेलं. त्या वर्षात त्यांनी दुभती म्हैस विकली. आम्हा शेजारणींपैकी एकीला जरी हे आधी सुचलं असतं तर, असं मला अजून वाटतं.

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथं घरटी फौजी. तिथं नव्या सुनेला हे सगळं शेजारीणच शिकवते. तुझं सासर तसं नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठं आहे, ते लग्नानंतर लगेच बघून ये.

एक गोष्ट मात्र मला कोणीच सांगितली नव्हती. ते जातात तेव्हा वाईट वाटतं, त्याची मनाची तयारी असते. कायमचे घरी येतात त्याची नसते. सोसायटीचं कर्ज, दवाखाना, शाळा, विहिरीच्या पाळीवरून भावकीशी भांडण, सगळं २० वर्षं मी केलं. ते ४३ व्या वर्षी घरी आले आणि पहिल्याच आठवड्यात मला न विचारता पाण्याची पाळी बदलून आले. चार दिवस आम्ही बोललो नाही. थोरली तेव्हा १८ ची. बाप रानातून आला की ती ट्रेमधून पाणी आणायची, पाहुण्याला देतात तसं. एकदा ते म्हणाले, "तांब्या दिलास तरी चालेल गं." ती आत जाऊन रडली. आमची घडी बसायला दोन वर्षं गेली. त्यांच्यासारखा नवरा मिळाला याचं मला समाधान आहे, पण ही दोन वर्षं जड होती.

मुलगा २०२२ नंतर भरती झालेला असेल तर तो अग्निवीर असणार. नोकरी ४ वर्षांची, आणि चारातला फार तर एक कायम होतो. तो कायम झाला का, हे घरातल्या मोठ्यांना स्पष्ट विचारायला सांग, यात लाजायचं कारण नाही. तो बघायला येईल तेव्हा सर्व्हिस किती झाली, किती राहिली आणि पलटण पीसला आहे की फील्डला, एवढं तूच विचार. फील्डला म्हणाला आणि ठिकाण सांगायचं टाळलं, तर मनात काही आणू नकोस. ते सांगायची त्यांना परवानगी नसते.