बारावी सायन्सनंतर डेंटल टेक्निशियन व्हायचं आहे. दोन वर्षांचा डिप्लोमा करू की काही महिन्यांचं कॅड-कॅमचं (कॉम्प्युटरवर दात डिझाइन करून मशीनने कापायचं) सर्टिफिकेट पुरेल?

डिप्लोमा करा. मी लॅबमध्ये सिरॅमिकच्या टेबलावर बसतो, त्यामुळे रोज जे बघतो त्यावरून सांगतोय.

आधी कागदाचं. डेंटिस्ट्स ॲक्ट, 1948 मध्ये या कामाला ‘डेंटल मेकॅनिक’ म्हटलंय, त्यामुळे प्रवेशाच्या यादीत हेच नाव शोधा. मान्यताप्राप्त कॉलेजचा डिप्लोमा असेल तर राज्य दंत परिषदेत नोंदणी होते. सरकारी दवाखान्यातली जागा निघाली की ती कामी येते. खासगी लॅबमध्ये मात्र कागदापेक्षा हातातलं कसब बघतात.

आणि हात कॅड-कॅमवर बसत नाही. सॉफ्टवेअर लायब्ररीतली छान टोकदार दाढ उचलून स्क्रीनवर ठेवतं. समोर पेशंटचे वरचे दात झिजून सपाट झालेले असले तर ती दाढ तिथे चालेल का? शेजारच्या दाताशी किती टेकवायची? हे ज्याने मेणात दाढा कोरल्यात त्याच्या पटकन लक्षात येतं. झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, कडक सिरॅमिकची) कॅप मशीन मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी कापतं, मग साधारण 1500 अंशांच्या भट्टीत ती आकसून मापाची होते. हे सगळं आपोआप होतं. पण पेशंटच्या दातांचं मॉडेल ओतताना मार्जिनवर, म्हणजे कॅपची कड दाताला जिथे टेकते तिथे, प्लॅस्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल तर पुढचं सगळं अचूक होऊनही कॅप तोंडात बसत नाही. डॉक्टरांचा फोन येतो, केस ‘रिपीट’.

शेडचंही तसंच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रंगाचा कोड म्हणून नुसतं ‘ए-थ्री’ लिहून येतं. खरा दात हिरडीपाशी जास्त पिवळा, कडेला काचेसारखा. एकाच शेडची पावडर सगळीकडे थापली की दात लांबूनच नकली दिसतो. ही नजर यायला वेळ लागतो, आणि पुढे पगार वाढतो तो हिच्यावरच. सुरुवातीचा पगार कमीच असतो, घरच्यांना तशी कल्पना देऊन ठेवा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: धूळ. निकेल-क्रोम धातूची कॅप घासताना उडणारी भुकटी आणि इन्व्हेस्टमेंटमधली (धातू ओतायच्या साच्याच्या पावडरीतली) सिलिका फुप्फुसात जाते. ग्राइंडिंगच्या टेबलाला सक्शन नसेल अशा लॅबमध्ये नोकरी धरू नका, कितीही नावाजलेली असो.

डिप्लोमा झाल्यावर कुणी म्हणेल, ‘गावात स्वतःच मापं घेऊन कवळ्या बसवून दे, पैसा आहे.’ नाही. पेशंटच्या तोंडात हात घालायचा अधिकार डॉक्टरचा, आपलं काम टेबलावरचं.

प्रवेशाआधी कॉलेजची लॅब प्रत्यक्ष बघा. कास्टिंग मशीन आणि सिरॅमिकची भट्टी मुलांना स्वतः वापरू देतात का, हे शिक्षकांना नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.