म्हाताऱ्या कुत्र्याला ॲक्युपंक्चर करावे का?

प्रश्न : आमचा लॅब्रॅडोर ११ वर्षांचा आहे. खुब्याच्या संधिवातामुळे त्याला सकाळी उठताना फार कष्ट पडतात. ॲक्युपंक्चरने गुण येईल का, आणि सुया दुखतील का?

उत्तर : या सुया इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक व भरीव असतात, त्यामुळे टोचताना कुत्रा क्षणभर कातडी थरथरवतो आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे बहुधा शांत पडून राहतो; काही तर चक्क डुलकी काढतात. सुईमुळे तेथील मज्जातंतू उद्दीपित होऊन शरीरातील वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. मात्र झिजलेला सांधा त्यामुळे भरून येत नाही, आणि प्राण्यांवरील संशोधनातून आजवर मिळालेला पुरावा तोकडाच आहे, हे आपल्याला आधीच सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

म्हणून आधी एक्स-रे काढून घ्यावा, वजन आटोक्यात आणावे आणि चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. घरातील गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरली, तरी त्याचे मागचे पाय घसरायचे थांबतील. एवढ्या साध्या उपायाकडे दुर्लक्ष झालेले पाहून मला नेहमी वाईट वाटते. हे सर्व करूनही वेदना उरल्यास, ॲक्युपंक्चरचे प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच, पूरक उपचार म्हणून, आठवड्यातून एकदा असे चार-सहा वेळा करून पाहावे. तो किती वेळात उठतो, जिना चढतो का, याची रोज वहीत नोंद ठेवावी. फरक दिसला नाही, तर उपचार थांबवावेत.