कोर्स आणि काम: काँक्रीट फिनिशिंग शिकायचंय, पुढे काय?

या वेळी तिन्ही पत्रं एकाच कामाबद्दल आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यातच सगळा गाभा आहे.

प्रश्न: मी दहावी पास, वय 19, गाव सिन्नरकडचं. मामासोबत भिवंडी, चाकणच्या गोडाऊनच्या ट्रिमिक्स कामावर, म्हणजे काँक्रीट फ्लोअर करायला जातो. आधी माल ओढायचो, आता फ्लोअर घोटायचं मशीन, पॉवर ट्रॉवेल, हातात देतात. मला काम आवडतं, पण घरचे म्हणतात हे बिगारीचंच काम, यात शिकायचं काय, त्यापेक्षा इलेक्ट्रिशियन हो. याचा कोर्स असतो का? पुढे काय होता येतं?

उत्तर: मित्रा, घरच्यांना आधी हे सांग की गोडाऊनच्या फ्लोअरवर उंचच उंच रॅक उभे राहतात आणि त्यांच्यामधल्या अरुंद गल्लीतून फोर्कलिफ्ट माल वर उचलून धावते, तिथे चाकाखाली फ्लोअर दोन-तीन मिलिमीटर जरी वरखाली असला तरी वरचं टोक चांगलंच झुकतं. म्हणून मोठ्या कामांत फ्लोअर किती सपाट आणि किती लेव्हलमध्ये हवा याचे आकडे करारातच असतात, एफएफ आणि एफएल म्हणतात त्यांना, आणि काम झाल्यावर उपकरण फिरवून ते मोजतात. हे आकडे आणणारा माणूस बिगारी नसतो. आणि तो सहजासहजी मिळतही नाही.

आता शिकायचं काय ते बघ. मशीन फिरवायला काही दिवसांत कोणालाही येतं, खरं कसब आहे ते मशीन कधी घालायचं हे ओळखण्यात. माल, म्हणजे ओलं काँक्रीट, टाकून स्क्रीड मारला, म्हणजे पट्टीने सपाट ओढला, की थोड्या वेळाने पाणी वर येतं, ते पाणी पृष्ठभागावर असताना घासलं तर ते वरच्याच थरात कोंडतं, तो थर कमजोर होतो आणि वर्षभरात धूळ सुटते नाहीतर पापुद्रे निघतात. आपल्याकडे घाई झाली की त्या पाण्यावर सुकं सिमेंट भुरभुरतात, तुझ्या साईटवरही करत असतील, ती सवय तू लावून घेऊ नकोस. वरचा थर टणक करायला हार्डनर टाकतात ती वेगळी गोष्ट, ते ठरलेल्या मापात आणि ठरलेल्या वेळी टाकायचं मटेरियल आहे. ट्रिमिक्समध्ये मॅट टाकून व्हॅक्यूमने जास्तीचं पाणी ओढून घेतात ते याचसाठी, मिक्सला पसरायला पाणी लागतं पण मजबुतीला तेवढं नको असतं.

पाणी उडालं, चमक गेली, बुटाचा ठसा साधारण पाच मिलिमीटरच उमटायला लागला की पहिला फ्लोटिंगचा, म्हणजे सपाट घासायचा हात. नंतर ब्लेडचा कोन हळूहळू वाढवत ट्रॉवेल. पण हा ठसा डिसेंबरात ज्या वेळाने येतो त्याच्या कितीतरी आधी मे महिन्यात येतो, आणि एकाच बेमध्ये, म्हणजे एका वेळी टाकलेल्या तुकड्यात, दाराच्या शटरजवळ ऊन लागतं ती बाजू आधी धरते, म्हणजे घट्ट होते, पत्र्याच्या सावलीतली मागे राहते. हे घड्याळावर जमत नाही, पाय, हात आणि डोळ्यांनी कळतं. वर्षभर हे बघत आलायस म्हणजे तुझं अर्धं शिक्षण झालंय असं मी मानतो, फक्त त्यामागचं कारण कोणी सांगितलं नसेल.

ते कारण कोर्समध्ये मिळतं. आयटीआयला याच्या सगळ्यात जवळचा ट्रेड म्हणजे मेसन, एक वर्षाचा आहे. एल अँड टीचं बांधकाम प्रशिक्षण केंद्र पनवेलला आहे, तिथे सेंटरिंग, बार बेंडिंग, गवंडीकाम असे छोटे कोर्स चालतात. आणि तू आधीच कामावर आहेस म्हणून आरपीएलची चौकशी नक्की कर, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सरकारमान्य सर्टिफिकेट, बांधकाम क्षेत्राची स्किल कौन्सिल हे करते. पुढे सिव्हिल डिप्लोमा डोक्यात असेल तर मात्र दोन वर्षांचा ट्रेड घे, ड्राफ्ट्समन सिव्हिल वगैरे, त्यातून पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

कोर्स कुठलाही कर, सोबत हिशेब शिक. 100 चौरस मीटरचा बे, 150 मिलिमीटर जाडी, म्हणजे 15 घनमीटर माल, सहा घनमीटरच्या मिक्सरच्या अडीच गाड्या. हे तोंडपाठ यायला पाहिजे, कारण तिसरी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की आधीचा माल धरायला लागतो आणि मध्ये सांधा पडतो, तेव्हा निर्णय घेणाराच पुढे फोरमन होतो. स्लंप, म्हणजे ओलं काँक्रीट किती खाली बसतं, ते मोजायची कोनची टेस्ट करायला शिक, 300 मिलिमीटर उंचीचा तो पत्र्याचा कोन आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीट पुरवणाऱ्या प्लांटच्या, लॅबवाल्याकडे असतो, मागून घे, कोणी नाही म्हणत नाही. कापाचं गणित शिक, तडा ठरलेल्या रेषेतच जावा म्हणून द्यायचा काप, म्हणजे कंट्रोल जॉइंट, साधारण जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढा खोल कापतात, उशिरा कापला तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने तडकतं. आणि पाणी मारणं! काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 म्हणतं साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, हवा गरम-कोरडी असेल किंवा फ्लायॲश, स्लॅगवालं सिमेंट असेल तर किमान 10. चांगला घोटलेला फ्लोअर तिसऱ्या दिवशी गोणपाट उचलून वाया घालवलेला मी बघितलाय आणि ते बघवत नाही. एक डायरी ठेव, तारीख, ग्रेड, स्लंप, हवा, पहिला हात किती वाजता घातला. दोन सीझनमध्ये ती डायरी कुठल्याही पुस्तकापेक्षा तुझ्या कामाची होईल.

आता पुढे काय होता येतं. फिनिशर, मग गँगचा मुकादम किंवा फोरमन, मग स्वतःची मशीन घेऊन फ्लोअरिंगचे ठेके, हा रस्ता तुझ्या मामाने बघितलेला असेलच. त्याशिवाय मोठ्या कंपन्यांत लेझर स्क्रीडचा, म्हणजे लेझरने लेव्हल धरून काँक्रीट सपाट करणाऱ्या मशीनचा ऑपरेटर, काँक्रीटचा रस्ता टाकणाऱ्या पेव्हर मशीनमागचा टेक्स्चर आणि क्युरिंगचा (रेघा ओढायचा आणि काँक्रीट ओलं राखायचा) क्रू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे काय किंवा समृद्धी काय, टायरला पकड मिळावी म्हणून रस्त्यावर ज्या बारीक रेघा असतात त्या कोणीतरी ओल्या काँक्रीटवर वेळेतच ओढलेल्या असतात. जुने फ्लोअर दुरुस्त करणं, जॉइंट भरणं, पॉलिशिंग, हे वेगळंच क्षेत्र आहे. आणि स्टॅम्प काँक्रीट, रंगीत फ्लोअर, आपला जुना लाल-काळा कोबा सुद्धा, कॅफे आणि बंगलेवाले आता परत मागायला लागलेत आणि तो नीट घोटणारे कारागीर शोधावे लागतात.

इलेक्ट्रिशियन वाईट नाही. पण आवडतं काम हातात असताना केवळ नावासाठी सोडू नकोस असं मला मनापासून वाटतं.

तब्येतीचं मात्र ऐक. ओलं सिमेंट अल्कली असतं, बुटात गेलं आणि तसंच दिवसभर राहिलं तर कातडी भाजते, म्हणून गमबूट आणि हातमोजे, आणि लागलं की लगेच धुवायचं. कटिंग-ग्राइंडिंगची कोरडी धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, पाणी लावूनच कापायचं, चांगला मास्क लावून. पेट्रोलचं ट्रॉवेल बंद शेडमध्ये चालवताना दारं उघडी ठेवा, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास येत नाही पण माणूस जातो. आणि गेल्या वर्षभरात 90 दिवस काम भरलं असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी कर, मामाचीही करून दे.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ फ्लोअर फिनिशिंग करतो. एक एजंट म्हणतो दीड लाख भर, टुरिस्ट व्हिसावर दुबईला पाठवतो, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा होईल. पाठवावं का? कोणी म्हणतं कॅनडाला जा.

उत्तर: ताई, या एजंटला एक रुपया देऊ नका. टुरिस्ट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे आणि तिथे पगार अडकला तर भावाला दाद कुठे मागायची हाच प्रश्न पडेल. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. भाऊ दहावी नापास असेल तर पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे कामाला परदेशी जाण्याआधी मंजुरी लागते असा शेरा असेल, मग आखाती देशांत कामाला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते, ती त्याच्याच संरक्षणासाठी आहे, ती चुकवून पाठवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. करारात पगार, जेवण, राहणं, ओव्हरटाइम लिहिलेलं बघा आणि एक प्रत घरी ठेवा.

कॅनडात काँक्रीट फिनिशर हा रेड सीलचा, म्हणजे तिथल्या देशभर चालणाऱ्या प्रमाणपत्राचा, मान्यताप्राप्त ट्रेड आहे, तिकडे याला अप्रेंटिसशिप आणि परीक्षा आहे, म्हणजे कामाला मान आहे हे खरं. पण त्यासाठी इंग्रजी, अनुभवाचे लेखी पुरावे आणि रीतसर परमिट लागतं. म्हणून भावाला आतापासून प्रत्येक ठेकेदाराकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्यायला सांगा, कामाच्या तारखांसकट. बहुतेकांचं तिथेच अडतं, दहा वर्षं काम केलेलं असतं पण कागद एकही नसतो.

प्रश्न: मी सांगलीत सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला फ्लोअरिंगमध्ये रस आहे पण सर म्हणतात मुलींनी डिझाइन किंवा एस्टिमेशन बघावं. साईटवर जाऊ का?

उत्तर: जा, नक्की जा. फ्लोअरिंग कंपन्यांना आणि आरएमसी प्लांटना क्वालिटीची माणसं लागतातच, मिक्स डिझाइन, क्यूब टेस्ट (काँक्रीटचा ठोकळा दाबून मजबुती बघणं), स्लंप, फ्लोअरची मोजणी, हे सगळं तुझ्या डिप्लोम्यात बसतं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट याच विषयावर घे, एकाच मिक्सचे दोन तुकडे कर, एकाला पाणी असताना ट्रॉवेल मार, दुसऱ्याला वेळेवर, मग दोन्ही घासून झीज मोज. इंटरव्ह्यूला ते दोन तुकडे पिशवीत घेऊन जा. रात्री उशिरापर्यंत फिनिशिंग चालतं तेव्हा परतायची सोय आणि साईटवर टॉयलेट आहे का हे नोकरी स्वीकारण्याआधी स्पष्ट विचार, हे विचारण्यात काही कमीपणा नाही. आणि पहिले काही महिने फिनिशरच्या शेजारी गुडघ्यावर बसून थापी स्वतः चालवून बघ, म्हणजे नंतर एखादं काम नापास करताना तू काय म्हणतेयस ते गँगलाही पटेल.