स्तोत्रे वाचताना: गाऱ्हाणे मांडायचे कसे?

प्रश्न: रोज सकाळी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र वाचते. दीडशे संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तरी दुपारपर्यंत काय वाचले ते आठवत नाही. मनन म्हणजे नेमके काय करायचे?

रोज एक, या हिशेबातच अडचण आहे. स्तोत्र 117 मध्ये दोनच ओव्या आहेत आणि 119 मध्ये 176, मग दोन्हींना एकेकच सकाळ कशी पुरेल? आठवडाभर एकच स्तोत्र घ्या. सुरुवातीला 13 वे बरे, सहाच ओव्यांचे आहे.

पहिल्या दिवशी ते दोनदा मोठ्याने वाचा. ही स्तोत्रे मुळात इब्री (हिब्रू) भाषेतली, आणि इब्री काव्यात बहुधा पहिल्या ओळीतलेच दुसरी ओळ वेगळ्या शब्दांत म्हणते किंवा पुढे नेते, म्हणून दोन्ही ओळी जोडीने वाचाव्यात. दुसऱ्या दिवशी हाताने उतरवून काढा. लिहिताना ध्यानात येईल की पहिल्या दोन ओव्यांतच ‘कोठवर’ हा सवाल चार वेळा आला आहे. तिसऱ्या दिवशी फक्त तिसरी-चौथी ओवी घ्या. तिथे मागणे आहे, आणि मागण्यामागचे कारणही आहे: पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश आण, नाहीतर मी मरेन आणि वैरी म्हणेल की मी जिंकलो. चौथ्या दिवशी आपले मागणे याच घडणीत, कारणासकट, वहीत लिहा. ‘सांभाळ कर’ एवढ्यावर थांबू नका. कशातून आणि का, तेही लिहा. शेवटच्या दोन ओव्यांतला भरवसा उरलेल्या दिवसांसाठी राहू द्या. बहुतेक जण तिथे पहिल्याच दिवशी उडी मारतात आणि मग आधीचा आक्रोश नुसता प्रस्तावनेसारखा वाटू लागतो.

प्रश्न: देवापुढे तक्रार करताना आपला विश्वास कमी पडतोय असे वाटते. म्हणून उपकारस्तुतीचेच शब्द बोलतो, पण प्रार्थना अगदी कोरडी होते.

ती कोरडी होणारच, कारण मनात एक आणि ओठांवर दुसरे असते. तक्रार आहे म्हणून विश्वास नाही, असे स्तोत्रसंहितेत कुठेच दिसत नाही. स्तोत्र 142 मध्ये भक्त आपले गाऱ्हाणे देवापुढे ओततो. मनातल्या मनात कुढणे वेगळे आणि त्यालाच उद्देशून बोलणे वेगळे.

यासाठी स्तोत्र 77 उघडा आणि पेन्सिल घ्या. ‘मी, मला, माझे’ यांखाली एक रेघ ओढा, ‘तू, तुझे’ यांखाली दोन. पहिल्या सहा ओव्या एकेरी रेघांनी भरून जातील: रात्रभर पसरलेला हात, समाधान नाकारणारा जीव, मिटू न दिलेले डोळे. सातव्या ते नवव्या ओवीत सहा प्रश्न येतात. देव कृपा करायचे विसरला का, इथवर भक्त जातो. मग ‘सेला’. या शब्दाचा अर्थ नक्की ठाऊक नाही, पण इथे थांबाच. घाईने पुढे गेलात तर प्रश्नांचे वजन कळणार नाही. अकराव्या ओवीपासून तो देवाची पूर्वीची कृत्ये आठवू लागतो आणि तेराव्यापासून शेवटपर्यंत ‘मी’ नाहीच. समुद्रातून वाट निघाली, पण देवाची पावले कुणाला दिसली नाहीत, असे एकोणिसावी ओवी सांगते. त्याच्या सहा प्रश्नांना उत्तर मिळत नाही. इस्राएल लोकांचे पुढारी मोशे आणि अहरोन यांच्या हाताने त्या लोकांचा कळप चालवला गेला, एवढ्यावर स्तोत्र संपते.

आणि मन त्या वळणापर्यंत पोहोचलेच नाही, तर 88 वे म्हणा. ते अंधारातच संपते. त्याला जबरदस्तीने आनंदाची शेवटची ओळ जोडू नका. ‘हे माझ्या तारणाऱ्या देवा’ अशी हाक मारून ते सुरू होते, आणि ज्याला धड बोलवत नाही त्याला तेवढी हाकही पुरते.

प्रश्न: वैऱ्यांना शाप देणारी स्तोत्रे वगळावीत का?

वगळू नका, पण त्यांपासून सुरुवातही करू नका. 109 वाचताना चौथी ओवी नीट पाहा: प्रेमाच्या बदल्यात वैर मिळाले, तरी भक्त प्रार्थनाच करतो. सूड त्याच्या तोंडात आहे, हातात नाही. रागाच्या भरात त्यात कुणाचे नाव घालून म्हणू नका. तो राग ज्याच्यापुढे न्यायचा, त्याच्यापुढे न्या आणि तिथेच ठेवून या.