आधी जमीन मोकळी कर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "मावशी, रविवार उजाडतो तो झाडू हातात घेऊन, आणि रात्री बघावं तर घर पुन्हा तसंच." तेव्हा मी घाईत होते, म्हणून आज सविस्तर लिहिते.

तुम्हा दोघांच्या कष्टांत काही कमी नाही. दिवाळीत आले होते तेव्हा तुला फरशी पुसताना पाहिलं. पुसणं दहा मिनिटांचं, पण त्याआधी अर्धा तास तू नुसती उचलाउचल करत होतास. चपला, रद्दीचा गठ्ठा, टीव्हीचा रिकामा खोका, पाण्याचे कॅन. पुसून झाल्यावर तेच सगळं परत जागच्या जागी. घर आवरण्यातला वेळ या उचल-ठेवीतच जातो.

म्हणून सुरुवात जमिनीपासून कर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झाडू कुठे न अडता फिरला पाहिजे. जमिनीवर जे आहे त्याला एक तर फळीवर किंवा खुंटीवर जागा दे, नाही तर घराबाहेर काढ. पुढे फर्निचर घ्याल तेव्हा पाय वीतभर उंच आहेत ना, एवढं बघा. दोन बोटांची फट सगळ्यात वाईट, कारण तिच्यात धूळ शिरते आणि झाडू शिरत नाही.

मग ओटा. फोडणीची तेलकट वाफ गॅसच्या आसपास उघड्यावर असलेल्या प्रत्येक वस्तूवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते, आणि तो थर साध्या पाण्याने निघत नाही. तुमच्या ओट्यावर मी बरण्या मोजल्या, एकोणीस होत्या. रोज हाताला लागतात त्या पाच-सहा. बाकीच्या दाराआड गेल्या की दर आठवड्याची घासाघीस तिथेच थांबेल. प्लॅस्टिकचे डबे एकदा जमिनीवर मांडून झाकणं जुळवून बघा. ज्याला झाकण नाही तो डबा आणि ज्याला डबा नाही ते झाकण, दोन्ही त्याच दिवशी सुक्या कचऱ्यात.

ताईच्या त्या दोन पत्र्याच्या कोठ्यांचंही सांगते. आम्ही मे महिन्यात वर्षाचं धान्य भरायचो. गव्हाला ऊन दाखवून त्यात कडुनिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. घरात खाणारी सात माणसं होती, तेव्हा कोठी शोभायची. तुम्ही पाच किलोची पिशवी आणता आणि कोठीत पिशव्यांच्याच पिशव्या भरून ठेवता. तिला आता काम उरलेलं नाही, आणि तिच्यामागे झुरळं झालीत ती मी पाहिली आहेत.

दिवाणाविषयी बोलताना मला माझंच सांगावं लागेल. २००५ साली आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर काकांनी आणि मी पलंगाची पेटी उघडली. वर पाहुण्यांसाठीच्या गाद्या, चिखल पिऊन दोघांनाही न उचलणाऱ्या. त्यांच्याखाली एक गाठोडं निघालं. त्यात काय आहे हे गाठ सोडेपर्यंत मला आठवेना. ओटीत आलेले ब्लाऊजपीस होते, बावीस. एकाचा रंग दुसऱ्याला लागून सगळे मातकट जांभळे झालेले. वीस वर्षं दर दसऱ्याला मी ती पेटी रिकामी करून, गाठोडं झटकून, परत भरत आले होते. ते रस्त्याकडेच्या ढिगावर टाकताना मला त्या वीस दसऱ्यांचं रडू आलं.

तुमच्या दिवाणातही चार गाद्या आहेत. पाहुणे मुक्कामाला वर्षातून एकदा येतात, तेवढ्या दिवसांपुरत्या गाद्या मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात. दोन ठेवा.

आणखी एक. सगळं घर एका रविवारी काढू नका. बिछान्यावर डोंगर होतो आणि रात्री झोपायचं म्हणून तो तसाच कपाटात कोंबला जातो. रोज अर्धा तास, एक खण. नको ते पिशवीत भरलं की पिशवी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे. "देऊ कुणाला तरी" म्हणून गॅलरीत ठेवलेली पिशवी पावसाळ्यानंतर बुरशी धरून पुन्हा तुमच्याच हातात येते. जुने मोबाइल, चार्जर, सेल रद्दीत घालू नकोस, ते ई-कचऱ्यात वेगळे दे.

माळा मात्र शेवटी. ताई गेल्यापासून तू त्याला हात लावलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. आईचं म्हणून तुला काही काढवत नाही, आणि सूनबाईला ते बोलून दाखवता येत नाही. मी तिची धाकटी बहीण, म्हणून सांगते: तिच्या सुती साड्या कपाटात विरण्यापेक्षा त्यांची गोधडी शिवून घे, रोज अंगावर घे. काठपदराच्या दोन सूनबाईने निवडाव्यात. मोठी पातेली आणि परात मोडीत देऊ. पन्नास माणसांचा स्वयंपाक आता त्या घरात होणार नाही, आणि ताईने स्वतःच मला दोनदा म्हटलं होतं की ही घासताना खांदे भरून येतात.

शनिवारी मी येते. शिडी शेजाऱ्यांकडून मागून ठेव. एक लहान पितळी तपेलं आहे, गळ्याशी ताईचं नाव कोरलेलं. तुझ्या बारशाच्या घुगऱ्या त्यात शिजल्या होत्या. ते माळ्यावर परत जाणार नाही. मी त्याला कल्हई करून आणीन, रोजच्या वरणाला वापरा.

तुझी,
मावशी