मधुमेह आणि बीपी असताना सर्दी-तापात काय जपावं?

तुमच्या वयस्कर आईंना मधुमेह आणि बीपी आहे, इन्सुलिन चालू आहे आणि त्यात आता सर्दी-ताप आलाय, म्हणून तुम्ही हे विचारलंत. त्यांना जेवण जात नाही तरी तापात साखर वाढलेली दिसते, याचं कारण संसर्ग. त्याच्याशी लढताना कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात, यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून ‘काही खाल्लंच नाही’ म्हणत इन्सुलिन मनाने बंद करू नका, कृपा करून. डोस किती ठेवायचा हे डॉक्टरांना फोन करून विचारा आणि साखर तीन-चार तासांनी तपासत राहा.

बीपी आहे, तर बंद नाकावरच्या गोळ्या परस्पर आणू नका. त्यातल्या स्यूडोएफेड्रिनने रक्तदाब चढू शकतो. पाकिटामागचे घटक वाचाच.

फ्लूची शंका असेल तर ‘बघू दोन दिवस’ नको. विषाणूविरोधी औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं.

बोलताना धाप लागली, असंबद्ध बोलू लागल्या किंवा एरवी ठीक असणारा ऑक्सिजन (ऑक्सिमीटरवर) 92 टक्क्यांच्या खाली गेला, तर थेट हॉस्पिटल गाठा. वयस्कर माणसांत न्यूमोनिया कधीकधी तापाशिवायही होतो, नुसत्या थर्मामीटरवर विसंबू नका.

बऱ्या झाल्या की फ्लूची दरवर्षीची लस आणि न्यूमोनियापासून जपणारी न्यूमोकोकल लस, दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.