इन्स्टावरच कोणी बघत नाही, मग बाकीच्या अ‍ॅपवर काय होणारे?

"मॅडम, इन्स्टावर एवढं राबून ऑर्डर येत नाही, मग त्या पिंटरेस्ट-फिंटरेस्टवर कोण येणारे?" सोलापुरात छोटा धंदा करणारी पोरंपोरी मला हे सारखं विचारतात, शब्द वेगळे पण भीती तीच, की गर्दी जिथंय तिथं आपण चाललो नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे. यावर एका मुलाची केस सांगते, त्याला विचारून सांगतेय आणि ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय.

सोलापूरच्या पूर्व भागातला मुलगा. घरात तेलुगू, बाहेर मराठी, वडील हातमागावर वॉल हँगिंग विणतात आणि विकायचं काम याच्याकडं. माझ्याकडं समुपदेशनाला आला तो झोप लागत नाही म्हणून, मार्केटिंगचा विषय नंतर निघाला. रात्री उठून रीलचे व्ह्यूज बघायचे, मग दुसऱ्या कुणाच्या रीलचे बघायचे, मग छातीत धडधड. पुण्यातल्या मावसभावानं सांगितलेलं की सगळीकडं दिसलं पाहिजे, म्हणून यानं थ्रेड्स, पिंटरेस्ट, टेलिग्राम, शेअरचॅट, क्वोरा, रेडिट सगळीकडं अकाउंट काढली आणि एकच रील सगळीकडं टाकायला लागला. रेडिटवरनं पोस्ट उडवली गेली. तिथं प्रत्येक ग्रुपचे आपापले नियम असतात, आल्या आल्या जाहिरात टाकली की बहुतेक ठिकाणी काढूनच टाकतात, पण याला ते माहीत नव्हतं, याला वाटलं आपल्यालाच हाकलून दिलं. "मॅडम, सगळे पुढं जालालेत, मीच हितं बसलालोय."

मी अ‍ॅपचं काहीच बोलले नाही. पुढच्या वेळी बिलबुक घेऊन ये म्हणलं.

बिलबुक आलं, मग एकेका गिऱ्हाइकापुढं लिहायचं की हा माणूस आपल्यापर्यंत आला कसा. बरेचसे काकांच्या ओळखीतले, एक-दोन नवी पेठेतले दुकानदार. आणि मध्येच बेंगळुरूची एक इंटिरियर डिझायनर, तिनं दोनदा माल नेलेला. ती कुठून आली? त्याला आठवेना. माझ्यासमोरच मोबाइलमध्ये तिचा पहिला मेसेज शोधला तर त्यात स्क्रीनशॉट होता, पिंटरेस्टचा. यानंच कधीतरी टाकून विसरलेला फोटो, अंगणात दोरीवर टांगलेलं हँगिंग आणि खाली कोपऱ्यात कुणाच्या तरी चपला दिसतायत. तो फोटो बघून बाईनं नंबर शोधून काढला होता. इन्स्टावरनं किती आले? कौतुक भरपूर, "भारी बे", आगीचे इमोजी, ऑर्डर एक पण नाही.

इथं मी त्याला सरळ विचारलं, तुला इन्स्टावर काय पाहिजे, ऑर्डर की मान? तो बराच वेळ गप्प. मग म्हणला, मित्रांना दिसावं की मी काहीतरी करलालोय, आणि बाबांना पण. यात काही चूक नाही, पंचवीस-सव्वीसच्या पोराला मान पाहिजेच. पण त्याचे फॉलोअर म्हणजे शाळेतले मित्र, नात्यातली माणसं, शेजारी, त्यांच्या घरात हँगिंग आधीच आहे. रील पडलं की ते त्यांच्यासमोर पडतं, म्हणून एवढं लागतं. छोट्या नेटवर्कचा हा फायदा कोणी सांगत नाही, तिथं आपल्या ओळखीचं कोणी बसलेलं नसतं, त्यामुळं दहा फोटो फसले तरी अकरावा टाकायला हात धजावतो.

आता पिंटरेस्टवरनंच का आली ती बाई? सोलापुरी चादरीला नाव आहे, जीआय टॅग आहे, म्हणजे ती इथलीच अशी सरकारी नोंद, माणूस नाव टाइप करून शोधतो. वॉल हँगिंग सोलापूरचं असतं हे बाहेर फार कमी जणांना माहितीय, त्यामुळं ते नावानं कोण शोधणार? लोक शोधतात ते सोफ्यामागची मोकळी भिंत कशी सजवायची. आणि पिंटरेस्ट मुळात गप्पांचा कट्टा नाहीच, ते चित्रांचं सर्च इंजिन आहे, लोक घर लावताना, लग्नाची तयारी करताना फोटो शोधून बोर्डवर जपून ठेवतात. रील दोन-चार दिवसांत खाली जातं, पण पिन, म्हणजे तिथं टाकलेला फोटो, महिनोन्‌महिने सर्चमध्ये सापडत राहते, शिवाय पिनला लिंक जोडता येते, इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक तर दाबली तरी उघडत नाही.

मग कामं केली ती साधीच. उभा फोटो, दोनास तीन प्रमाणात. हँगिंग भिंतीवर, शेजारी खुर्ची, म्हणजे साइज डोळ्यांना कळते. आधी तो लिहायचा "सोलापूर फेमस क्वालिटी", आता लिहितो हॉलच्या भिंतीसाठी हातमागाचं, एवढे फूट बाय एवढे फूट, रंग अमुक, आणि तेच इंग्रजीत पण, कारण बेंगळुरू-हैदराबादची माणसं मराठीत शोधणार नाहीत. बिझनेस अकाउंट फुकट असतं. त्यात व्ह्यूज बघायचेच नाहीत असं ठरलं, फोटो किती जणांनी सेव्ह केला आणि लिंक किती जणांनी दाबली एवढंच, ते पण रविवारी, दिवसा. दिवाळीचं काही असेल तर ऑगस्टपासूनच टाकायचं, कारण तिथं लोक आधीपासून शोधायला लागतात.

त्याला मोठी धास्ती होती, उद्या अ‍ॅपच बंद पडलं तर? भीती खरी आहे. ऑर्कुट 2014 ला गेलं, गूगल प्लस 2019 ला, टिकटॉकवर 2020 च्या जूनमध्ये बंदी आली तेव्हा आपल्याच भागातल्या कितीतरी पोरांची मेहनत एका रात्रीत गेली, आणि आपल्या भाषांमध्ये चालणारं कू 2024 मध्ये बंद झालं. म्हणजे मोठं काय, छोटं काय, गॅरंटी कुणाचीच नाही. म्हणून गिऱ्हाइकाचं नाव, गाव, नंबर, काय नेलं हे स्वतःच्या वहीत पाहिजे, आणि त्याला विचारून टेलिग्राम चॅनलवर घ्यायचं. टेलिग्रामवर नवीन माणूस आपणहून येणं अवघड, पण जो जोडलाय त्याच्यापर्यंत पोस्ट पोचते, कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारा अल्गोरिदम मध्ये बसलेला नसतो.

पण म्हणून सगळ्यांनी पिंटरेस्टवर पळू नका हां. शेंगा चटणी करणाऱ्या एका ताईंना तिथं काहीच मिळालं नाही, त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे नोकरीसाठी बाहेर गेलेले सोलापूरकर, ते त्यांच्या शहरातल्या ग्रुपवर भेटले. आधी गिऱ्हाईक कुठं बसून काय शोधतंय ते बघायचं, अ‍ॅप नंतर.

त्या मुलानं कामाची नसलेली अकाउंट बंद केली. पिंटरेस्टला निदान सहा महिने दे म्हणलंय, मध्ये तुलना नको. ऑर्डरी वाढतायत, हळूहळू, लाखाची उलाढाल वगैरे काही नाही. बेंगळुरूच्या बाईनं फिक्या रंगात विणून मागितलंय, तर वडील स्वतः तिच्याशी फोनवर मोडक्या हिंदीत रंगाचं बोलले. रात्रीचं इन्स्टा अजून पूर्ण सुटलेलं नाही, त्यावर आमचं काम चालू आहे.